खांड एकदाच मोजायची

कात्रपमधल्या त्या बिल्डिंगीत, दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, झाडून सगळ्या वस्तूंचं नाव एकच होतं: 'ते हे'. चहाची गाळणी ते हे, टीव्हीचा रिमोट ते हे, गुडघ्याला चोळायचं तेल ते हे. एकदा तर अंबरनाथहून व्याही शंकरराव आले, आणि दार उघडून जनाबाईंनी आत हाक दिली, "अस्मिता, ते हे... आले!" शंकरराव ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेला गडगडाटी माणूस. ते उंबऱ्यातच इतके हसले की समोरच्या फ्लॅटवाल्यांनी दार उघडून बघितलं.

जनाबाईंना लकवा मारला होता. हातपाय यथावकाश सुधारले, काठी घेऊन घरभर फिरायला लागल्या, बोलणंही परत आलं. पण पूर्वीसारखं सलग नाही. बोलता बोलता नेमका हवा तो शब्द दडी मारून बसायचा. मग त्याच्या जागी 'ते हे'. आता हे असलं बोलणं उमजायला माणूस बोलणाऱ्याच्या शेजारी वर्षानुवर्षं बसलेलं लागतं. "ते हे... उन्हात टाक" म्हणजे गोधडी की मिरच्या, हे सुनेला बरोबर कळायचं. विक्रांतला, पोटच्या लेकाला, नाही कळायचं. तो एमआयडीसीतल्या कंपनीत सुपरवायझर, शंभर माणसांना कामाला लावणारा. पण आईनं गाळणी मागितली की हा कात्री घेऊन हजर.

अस्मिताची गोष्ट या घरात अशी होती: बीएस्सीला फर्स्ट क्लास. पुढे एमएस्सी करायचं ठरलेलंच होतं. मग लग्न झालं, म्हटलं वर्षभरानं करू. मग राजसी झाली, म्हटलं पोर चालायला लागली की करू. पोर चालायला लागली आणि सासू पडली. करू करू म्हणता एक तप निघून गेलं. तप म्हणायचं ते आपण कौतुकानं. कॉलेजच्या ऑफिसात त्याला गॅप म्हणतात.

उल्हासनगरच्या एका कॉलेजात एमएस्सीचा नवा कोर्स निघालाय हे तिनं मोबाइलवर वाचलं ते सहज, भाजी निवडताना. जीवशास्त्र आणि कॉम्प्युटर, दोन्ही एकत्र. वाचलं आणि मोबाइल पालथा ठेवला. पण तिचा चेहरा जनाबाईंनी टिपला. "काय?" म्हणाल्या. अस्मितानं सांगितलं. म्हातारीनं काठी जमिनीवर एकदा आपटली आणि म्हणाली, "जा." या वाक्यात गळण्यासारखं काही नव्हतंच.

घरात बाबासाहेबांचा फोटो असलेली भिंत, त्या भिंतीखाली बसून शिकण्याला नाही म्हणायची कुणाची प्राज्ञा? विक्रांत 'हो' म्हणाला. पण तो हिशेबी गडी. कात्रपमध्येच स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक पॅथॉलॉजी लॅब होती. तिथल्या डॉक्टरांनी अस्मिताला काउंटरची नोकरी देऊ केली होती. पक्की, घराजवळची, दुपारी जेवायला घरी येता येईल अशी. डॉक्टर भले माणूस. म्हणाले, जानेवारीपर्यंत जागा ठेवतो, नंतर मात्र नाही. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, अस्मी," विक्रांत म्हणाला. तेव्हा तिनंच शब्द दिला: पहिल्या सेमिस्टरचं प्रॅक्टिकल निघालं तर शिकणार. नाही निघालं तर गुपचूप काउंटरला जाऊन बसणार, आणि पुन्हा शिक्षणाचं नाव काढणार नाही.

असा डाव मांडून बाई कॉलेजात गेली.

कोर्सचं नाव बायोइन्फॉर्मॅटिक्स. ते घरात कुणाच्याही जिभेवर धड बसेना. विक्रांत 'बायो-इन्फर्मेशन' म्हणायचा. शंकररावांनी अंबरनाथला सगळ्या गल्लीत सांगून टाकलं, "आमची पोरगी बायोमेट्रिकचं शिकते. ते अंगठा लावायचं मशीन नाही का, तेच." एका शेजाऱ्यानं तर सोसायटीचं बिघडलेलं मशीन बघायला तिला पाठवा म्हणून निरोप धाडला. जनाबाईंचा प्रश्नच नव्हता. त्यांनी पहिल्या दिवसापासून एकच नाव धरलं. कुणी विचारलं, सून कुठंय, की म्हणायच्या, "ते हे शिकायला गेलीय."

शिकायचं ते असं: झाड असो, माणूस असो, बुरशी असो, प्रत्येकाच्या पेशीत एक लांबलचक माळ असते, चारच अक्षरांची. ए, टी, जी, सी. दोन जीवांच्या माळा घ्यायच्या, कॉम्प्युटरवर एकीखाली एक मांडायच्या, आणि बघायचं: कुठे जुळतंय, कुठे अक्षर बदललंय, कुठे गळून गेलंय. पहिल्याच तासाला कमलेश सरांनी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या आणि विचारलं, दुसरीतलं कोणतं अक्षर गळलं? पोरंपोरी अजून पेनाची टोपणं काढत होती, तोवर अस्मिता उत्तर देऊन मोकळी. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. ती घरी दिवसभर हेच करत होती.

पण हाय रे दैवा, प्रोग्रॅमिंग! तिथे मात्र पालथ्या घड्यावर पाणी. वर्गातली सगळी पोरं विशीतली, त्यांची बोटं कीबोर्डवर भुईमूग फोडल्यासारखी चालायची. शेजारी भाविका बसायची, उल्हासनगरचीच, बोलता बोलता तीनदा भाषा बदलणारी. "दीदी, सेमीकोलन नको ना, ये पायथन है. अरे आणि स्पेस किधर गया? एक ओळ आत घ्यायची होती ना!" अस्मिता ओळ आत घ्यायची, तर भलतीच ओळ बाहेर जायची. लाल अक्षरात एरर आली की तिला वाटायचं, मशीन आपल्यालाच ओरडतंय.

कमलेश सर तिच्यापेक्षा वयानं लहान. बेलवलीचे, आगरी घरातले, बापजाद्यांची भातशेती. आता निम्म्या शेतावर टॉवर उभे. कॉलेजात ते तासिका तत्त्वावर, म्हणजे तास घेतला तर सर, नाही घेतला तर बेलवलीचा कमलेश. ती त्यांना 'सर' म्हणायची आणि ते तिला 'ताई' म्हणायचे. शिकवायचे जीव ओतून. रंगात आले की शुद्ध भाषा खुंटीला टांगून गावच्या बोलीवर यायचे, आणि तेव्हाच सगळ्यांना जास्त समजायचं.

आणि तिसरं माणूस ऑफिसातले हरेशभाई. सिंधी गृहस्थ, पोट टेबलाला टेकवून बसणारे, आवाज कँटीनपर्यंत जाणारा. ॲडमिशनच्या वेळी अस्मिताचे कागद बघून त्यांनीच विचारलं होतं, "गॅप का ॲफिडेव्हिट किधर है, बहनजी? इतना बडा गॅप!" तेव्हापासून पोरांनी तिचं नाव ठेवलं होतं 'गॅपवाली दीदी'. प्रेमानंच ठेवलं होतं, पण नाव ते नावच. ती हसायची आणि मनात कुठेतरी टोचायचं.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर कमलेश सरांचा मेसेज आला. 'उद्या गॅप पेनल्टी. सगळ्यांनी यायचं. कॅल्क्युलेटर आणा. कोणालाही सूट नाही.'

अस्मितानं मेसेज वाचला. तिनं मेसेज पुन्हा वाचला. गॅप पेनल्टी! गॅपचा दंड! वर्गात गॅप असलेलं माणूस कोण, तर ती एकटी. आणि कॅल्क्युलेटर आणा म्हणजे किती वर्षं झाली त्याचा हिशोब सगळ्यांसमोर करणार की काय? 'सगळ्यांनी यायचं' कशाला, बघायला? मग तिला वाटलं, नसेल असं. मग वाटलं, असेलही. युनिव्हर्सिटीचा काय भरवसा? माणूस एकदा कानकोंडं झालं ना, की त्याला साधी घंटाही आपल्याच नावानं वाजतेय असं वाटतं.

"काय... झालं?" जनाबाईंनी विचारलं.

"काही नाही आई. गॅपचा दंड लावणारेत म्हणे."

बोलून गेली आणि जीभ चावली. जनाबाईंचा चेहरा उतरला. गॅप कशानं पडली हे त्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं, बोलायची गरजही नव्हती. त्या संध्याकाळी म्हातारीनं काहीही मागितलं नाही. ना गाळणी, ना तेल, ना रिमोट. एकदाही 'ते हे' ऐकू आलं नाही. दंडापेक्षा त्याचंच अस्मिताला जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती तास सुरू व्हायच्या आधीच ऑफिसात गेली. म्हटलं, काय असेल ते आडपडद्यानं निस्तरू, वर्गात शोभा नको.

"हरेशभाई, ती गॅपची पेनल्टी इथंच भरायची का?"

हरेशभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "कौनसी पेनल्टी?"

"गॅप पेनल्टी. कमलेश सरांनी सांगितलंय."

आता इथे दुसरा एखादा असता तर म्हणाला असता, असं काही नसतं, जा. पण हरेशभाईंची हयात युनिव्हर्सिटीची परिपत्रकं वाचण्यात गेलेली. त्यांना काहीही अशक्य वाटायचं नाही. "मेरे पास तो सर्क्युलर आया नहीं," ते म्हणाले, आणि बघता बघता तापले. "ये लोग ऊपर ऊपर से चालू कर देते हैं! चलो मेरे साथ." अस्मिता "अहो, राहू द्या, मी नंतर..." म्हणतेय तोवर ते खुर्चीतून उठलेही. हरेशभाई खुर्चीतून उठणं ही त्या कॉलेजात सहसा न घडणारी गोष्ट. कँटीनवाला पोहे परतायचा थांबला.

लॅबचं दार उघडून हरेशभाई गरजले, "कमलेश सांईं! इस बहनजी से किस बात का दंड ले रहे हो? घर में बीमार सास को सँभाला, उसका दंड? कागज दिखाओ!"

वर्गानं माना वळवल्या. कमलेश सर खडू हातात घेऊन उभे. त्यांच्यामागे फळ्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'गॅप पेनल्टी', आणि खाली दोन माळा, एकीत मधेच रिकामी रेघ.

अस्मितानं फळा वाचला. तिला क्षणात सगळं उमगलं. मग कुठूनतरी एक खुसखुस सुटली, आणि अख्खा वर्ग फुटला. भाविका तेवढी हसली नाही, ती म्हणत राहिली, "चूप बसा ना रे, चूप!" पण हसू ऐकतं का कुणाचं? धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं अस्मिताला झालं.

"चूक माझी," कमलेश सर म्हणाले. ते हसत नव्हते. "मेसेजात नीट लिवलं नाय मी. हरेशभाई, तुम्ही पण बसा. बसा, खुर्ची घ्या."

आणि त्यांनी शिकवायला घेतलं. म्हणाले, "दोन माळा जुळवताना एकीत अक्षरं गळलेली असली, तर आपण तिथे रेघा मारतो. ती गॅप. पण फुकट मारू दिल्या तर कॉम्प्युटर कुठेपण रेघा मारत सुटंल नि काहीपण जुळवून दाखवंल. म्हणून त्याला दंड लावायचा. दंड माणसाला नाय, रेघेला. आता प्रश्न असा, की दंड लावायचा कसा? रेघेमागं रेघ सारखाच? बगा." आणि इथे शुद्ध भाषा खुंटीला गेली. "आमच्या बेलवलीला शेताच्या बांधाला खांड पडते. खांड म्हणजे भगदाड. तुमचं पुस्तकात लिवतात ना, शिक्षणात खंड पडला, त्याचीच बहीण समजा. तर धडधाकट बांधाला पयली खांड पाडायला पाण्याला जाम जोर लागतो. सोपं नाय ते. पण एकदा पडली का मंग ती हातभर रुंद झाली काय नि दोन हात झाली काय, त्याला वेगळा जोर लागत नाय. म्हणून आमचा बाबा दर हाताची वेगळी खांड मोजत नाय. म्हणतो, खांड पडली एकच. कॉम्प्युटरला पण तसंच सांगायचं: गॅप उघडायचा दंड मोठा ठेव, पुढं लांबवायचा बारका."

"बरोबर है," हरेशभाई खुर्चीतून म्हणाले, "रीझनेबल है." आणि उठून गेले.

तास झाला. समजावलं छानच होतं. पण लाजेनं ज्याचे कान तापलेत त्याला छान-वाईट काय कळतंय? अस्मिता खाली मान घालून बसली ती तास संपेपर्यंत. मग बॅग उचलली आणि कुणाशी न बोलता घरी आली. दुसऱ्या दिवशी डोकं दुखतंय म्हणाली. तिसऱ्या दिवशीही दुखलं. विक्रांतला म्हणाली, "लॅबवाल्या डॉक्टरांना फोन करून टाकते. माझं वय नाही राहिलं आता हे." विक्रांत हिशेबी खरा, पण वाईट नव्हे. तो म्हणाला, "प्रॅक्टिकल तर होऊ दे." तिनं ऐकलं नाही, कणीक मळत राहिली.

तो कामावर गेला तशा जनाबाई काठी टेकत स्वयंपाकघरात आल्या. ओट्याला टेकल्या. मग म्हणाल्या, "दंड... भरला?"

अस्मिताला आधी हसू आलं, आणि त्या हसण्याच्या पाठोपाठच रडू. कणकेचे हात तसेच ठेवून ती खाली बसली आणि सगळं सांगितलं. हरेशभाईंचं, फळ्याचं, हसण्याचं. "दंड माझा नव्हताच आई, रेघेचा होता. मीच वेड्यासारखी..." आणि सांगता सांगता बांधाच्या खांडीचंही सांगितलं. उघडायचा दंड मोठा, लांबवायचा बारीक.

जनाबाईंनी ते नीट ऐकलं. त्या विचार करायला लागल्या की ओठ हलायचे. "मोठा... उघडायचा?"

"हो."

"मग तो... भरलास की तू." म्हातारीनं पुढचे शब्द एकेक करून गोळा केले. "माझ्यापायी... भरलास. तवाच. आता... बारीकच राहिला." आणि काठी आपटली. "जा."

अस्मिता तिच्याकडे बघतच राहिली. एवढं मोठं बोलणं लकव्यानंतर जनाबाईंनी एका वेळी कधी केलं नव्हतं. तिनं कणकेच्या हातांनीच सासूला मिठी मारली. लुगडं पांढरं झालं. जनाबाई "अगं ते हे... लागेल!" म्हणून ओरडल्या, आणि दोघी हसल्या.

दुसऱ्या दिवशी ती वर्गात गेली तेव्हा कुणी हसलं नाही. भाविकानं फक्त खुर्ची सरकवली आणि म्हणाली, "दीदी, तुम्ही नव्हता तर मला पण बोअर झालं यार. ये लो, दो दिन का सब लिखा है." मग दोघी अभ्यासाला भिडल्या. भाविका कीबोर्ड शिकवायची, अस्मिता माळा वाचायला शिकवायची. कुठली ओळ आत, कुठली बाहेर, हे अस्मिताला एका बैठकीत समजलं ते भाविका म्हणाली तेव्हा, "दीदी, सासूच्या खोलीतलं सामान सासूच्या खोलीत, किचनचं किचनमध्ये. बस, इतनाच है." त्यानंतर लाल अक्षरं हळूहळू कमी झाली. अगदी संपली नाहीत. पण ती ओरडतायत असं वाटेनासं झालं.

प्रॅक्टिकलला बाहेरून परीक्षक बाई आल्या. केस पिकलेल्या, आवाज मऊ, पण नजर सुईसारखी. पोरं बाहेर येऊन सांगत होती, "जाम फिरवते रे." अस्मिताचा नंबर आला. आज नापास तर उद्या काउंटर, हे तिला कुणी आठवण करून द्यायची गरज नव्हती.

बाईंनी दोन माळा दिल्या. तिनं प्रोग्रॅम चालवला. एरर आली. तिनं डोळे मिटले, सासूच्या खोलीतलं सामान सासूच्या खोलीत टाकलं, पुन्हा चालवला. चालला. पण जुळणी आली ती चिंध्या झाल्यासारखी: इथे दोन रेघा, तिथे एक, पुढे तीन. अस्मितानं ती बघितली आणि तिला पटेना. तिनं उघडायचा दंड वाढवला, लांबवायचा कमी केला. सगळ्या चिंध्या गोळा होऊन एकाच जागी एक लांब रेघ उभी राहिली, आणि दोन्ही बाजूंची अक्षरं चपखल जुळली.

"हे का बदललंत?" बाईंनी विचारलं.

"मॅडम, ही अक्षरं सुटी सुटी गेलेली नाहीत. एकदाच, एकगठ्ठा गेलीत. खांड एक आहे, ती एकदाच मोजायची."

बाईंची नजर टेबलावरच्या कागदावर गेली. तिथे तिचं बीएस्सीचं साल होतं. "तुमच्याही शिक्षणात..." त्या सहज म्हणाल्या.

"हो मॅडम. तीही एकच आहे," अस्मिता म्हणाली. तोंडातून गेल्यावर तिला वाटलं, आगाऊपणा झाला. कोपऱ्यात उभे असलेले कमलेश सर खिडकीबाहेर बघायला लागले.

बाईंनी कागद बाजूला सरकवला. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. माळेत एका ठिकाणी ए, टी, जी, सी सोडून पाचवंच अक्षर होतं, एन. "आणि हे काय?"

अस्मिताला ते पाठ होतं. पुस्तकातलं इंग्रजी वाक्य रात्रीपर्यंत जिभेवर होतं. आता नेमकं ते गायब. बाई बघतायत. घड्याळ चाललंय. आणि तिच्या तोंडून निघून गेलं,

"ते हे."

"काय?"

गेलं, सगळं गेलं, असं तिला वाटलं. पण निघालं ते निघालं. आता मागे घेऊन जायचं कुठे? ती म्हणाली, "म्हणजे मॅडम, आमच्या घरी सासूबाईंना शब्द आठवला नाही की त्या 'ते हे' म्हणतात. तसं आहे हे. ही गॅप नाही. गॅपमध्ये अक्षरच नसतं. इथे अक्षर आहे, जागेवर आहे, फक्त कुठलं ते वाचता आलेलं नाही. म्हणून त्याला रेघ मारायची नाही. त्याची जागा तशीच ठेवायची. आजूबाजूचं बघितलं की बरेचदा कळतं काय असेल ते."

परीक्षक बाई खुर्चीला टेकल्या. "ते हे," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि मग त्यांना हसू आवरेना. डोळे पुसत म्हणाल्या, "मी इतकी वर्षं शिकवतेय. उद्यापासून वर्गात असंच सांगणार. या तुम्ही."

निकालाची वाट बघत पोरं कँटीनमध्ये बसली. अस्मितानं चहा घेतला आणि तो तिथेच गार झाला. दुपार कलल्यावर कमलेश सर जिना उतरून आले ते दोन दोन पायऱ्या गाळत. "ताई, निघालं! मस्त निघालं!" भाविकानं अशी किंकाळी फोडली की हरेशभाई ऑफिसाच्या दारात आले. कळल्यावर म्हणाले, "देखा? कोई पेनल्टी नहीं." आणि सगळ्यांना समोसे सांगितले.

अस्मिता घरी पोचली आणि दारातच ऐकलं, तिचा मोबाइल वाजतोय. गडबडीत सकाळी घरीच राहिला होता. ती चपला काढेपर्यंत जनाबाईंनी तो कानाला लावलाही. लॅबवाले डॉक्टर होते. त्यांचा आवाज मोठा, दारापर्यंत ऐकू येत होता: "अस्मिता मॅडम, मग कधीपासून येताय?"

"ती... येणार नाही," जनाबाई म्हणाल्या. सुनेच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं होतं, तेवढं त्यांना पुरलं.

"आपण कोण?"

"सासू."

"बरं, बरं. पण का हो? काही अडचण आहे का घरी?"

"अडचण... होती. आता नाही. ती शिकते."

"अरे वा! काय शिकतात?"

जनाबाई थांबल्या. त्यांचे ओठ हलले. अस्मिताला तो शब्द जिभेवरच होता, एका श्वासात पुरवता आला असता, या घरात ती इतकी वर्षं तेच करत आली होती. पण आज ती गप्प राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

"ते हे," जनाबाई ठासून म्हणाल्या. पलीकडून "काय म्हणालात?" आलं, तशा त्या चिडल्या. "ते हे! एमएस्सी!" आणि फोन ठेवून दिला.

अस्मितानं तोंडावर पाणी मारलं, पातेल्यात चहाचं आधण ठेवलं, साखर टाकली, पावडर टाकली. ओट्यावर चाचपलं, फळीवर चाचपलं. चहा उतू जायला आला तरी हाताला लागेना. रडून हसून डोकं असं रिकामं झालं होतं, की साधा शब्द सुचेना.

"आई, अहो ते हे कुठंय?" तिनं हाक मारली.

"गाळणी?" बाहेरून जनाबाई म्हणाल्या. "खिडकीत वाळत ठेवलीय."